विजय कोणाच्या नावावर?

पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळाच्या तटात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्याविषयी नाशकात दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक बोलणे अभिमानाचे असते: १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, पोर्तुगीजांचे नाक कापले, त्याची ही खूण. दुसरे बोलणे संशयाचे असते: देव आणि विजय एका ठिकाणी आणले की ती सत्तेची जाहिरातच होते, रोमपासून नाशिकपर्यंत सगळ्या सत्ताधाऱ्यांनी हेच केले आहे. ही दोन्ही मते एकमेकांच्या विरोधात उभी दिसतात, पण दोन्हींच्या तळाशी गृहीत एकच आहे. विजय ही जिंकणाऱ्याची मालमत्ता आणि देऊळ ही त्या मालमत्तेवर लावलेली पाटी, असे दोघेही धरून चालतात. एकाला ती पाटी वाचून छाती फुगवावीशी वाटते, दुसऱ्याला ती खरवडून काढावीशी वाटते.

हे गृहीतच मला उथळ वाटते. विजयाशी जोडलेली देवळे, लेणी आणि वेद्या नीट पाहिल्या, तर त्यांतल्या सगळ्यांत अर्थपूर्ण उदाहरणांत व्यवहार उलटा झालेला दिसतो. तिथे जेता आपला विजय स्वतःच्या नावावरून उतरवतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढवतो. हे दुसरे नाव कधी देवीचे असते, कधी भिक्षुसंघाचे, कधी गावाचे, आणि क्वचित हरलेल्याचेही असते. हा व्यवहार किती प्रामाणिकपणे झाला, कोणाला त्यात वाटा मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, यावर त्या वास्तूची योग्यता ठरवावी असे माझे म्हणणे आहे. ते मी टप्प्याटप्प्याने मांडतो. पुरावा बहुतेक नाशिकचाच आहे, पण सुरुवात रोमपासून करावी लागेल, कारण विजय नावाच्या देवीला स्वतंत्र घर देऊन त्या घराची नोंद ठेवणाऱ्यांत रोमन लोक आघाडीवर होते.

१. आधी कर्ज, मग विजय

रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर व्हिक्टोरिया देवीचे देऊळ होते. इ. स. पू. २९४ मध्ये लुसियस पोस्टुमियस मेगेलस या कॉन्सलने ते देवीला अर्पण केले. इतिहासकार लिव्हीने या देवळाविषयी दिलेले दोन तपशील इथे फार मोलाचे आहेत. पहिला असा की देवळाचा पैसा लुटीचा नव्हता. मेगेलस पूर्वी नगराचा ईडाइल, म्हणजे बाजार, रस्ते आणि सार्वजनिक शिस्त पाहणारा अधिकारी होता. त्या काळात वसूल केलेल्या दंडाच्या रकमेतून त्याने हे काम करवून घेतले होते. दुसरा तपशील वेळेचा आहे. सॅम्नाइट लोकांशी युद्ध सुरू होते आणि मेगेलसने देऊळ अर्पण केले ते सैन्याकडे निघण्याआधी. म्हणजे विजयदेवीचे घर त्या वर्षीच्या विजयाच्या अगोदर उभे राहिले, तेही कायदा मोडणाऱ्या नागरिकांकडून घेतलेल्या दंडातून.

विजयस्मारक म्हणजे जिंकून झाल्यावर मारलेली बढाई, ही समजूत इथेच डळमळते. नवसाचा हिशेबच वेगळा असतो. युद्धात उतरलेला रोमन सेनापती देवाला सांगे की हे पदरात पडले तर मी तुला अमुक देईन. पदरात पडले की तो देणेकरी झाला, आणि ते देणे फेडणे हा त्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नसे. नवस बोलणारा माणूस मुळात कबूल करतो की निकाल माझ्या हातात नाही. जो निकाल आपल्या हातात नव्हता असे आपणच जाहीरपणे म्हटले, त्यावर नंतर निखळ मालकी सांगता येत नाही.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीचे आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस बोलला आणि किल्ला पडल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांनी देऊळ बांधून तो फेडला, असे परंपरा सांगते. देवळाचे प्रवेशद्वार आणि तट किल्ल्याच्या धाटणीचे आहेत. ते पाहून कोणी म्हणेल की ही वसईची प्रतिकृती, म्हणजे विजयाची मिरवणूकच. मला त्यात वेगळे दिसते. वसई पोर्तुगीजांकडे दोनशे वर्षे होती. तटाखाली सुरुंग लावून, खिंडारात माणसे घालून, हजारोंच्या संख्येने मेलेले आणि जखमी मोजून मराठ्यांनी तो किल्ला घेतला. ज्या तटापुढे आपली अक्कल आणि ताकद दोन्ही थिट्या पडत होत्या, त्या तटाचा आकार देवीच्या दारापाशी ठेवणे, ही त्या भीतीची आणि त्या देण्याची नोंद आहे.

अर्थात देऊळ बांधले म्हणून माणूस सुधारतो असे नाही. मेगेलसचाच दाखला घ्या. सिनेटने त्याला विजययात्रेची परवानगी नाकारली, तरी त्याने ती काढलीच, असे लिव्ही लिहितो. पुढच्या एका कॉन्सलपदाच्या काळात त्याने सैनिकांना स्वतःच्या शेतावर राबवले आणि त्या अपराधासाठी पद संपल्यावर त्याच्यावर खटला होऊन तो दोषी ठरला. दंडाच्या पैशातून विजयदेवीचे देऊळ बांधणारा माणूस स्वतःही शेवटी शिक्षेच्या यादीत गेला. मला यात देवळाचा पराभव दिसत नाही. देवळामागची जी कल्पना होती, की विजय नगराचा आहे आणि सेनापती नगराला बांधलेला आहे, ती मेगेलसपेक्षा बळकट निघाली.

२. देवीच्या घरी दुसरी देवी

इ. स. पू. २०४ मध्ये हॅनिबल अजून इटलीच्या भूमीवर होता. त्या वर्षी रोमन लोकांनी आशिया मायनरमधल्या पेसिनसहून महामातेचा काळा पाषाण समारंभाने आणला. तिचे स्वतःचे देऊळ तयार नव्हते. ते इ. स. पू. १९१ मध्ये पुरे झाले. मधली तेरा वर्षे ही परकी माता पॅलाटाइनच्या विजयदेवीच्या घरी राहिली. विजयाचे देऊळ म्हणजे कुणा एका घराण्याच्या पराक्रमाची पेटी असती, तर ही सोय सुचलीही नसती. संकटाच्या दिवसांत लांबून आलेल्या देवीला उतरायला जागा हवी होती आणि ती विजयाने दिली.

अथेन्सने याच्या उलट वाट धरली. ॲक्रोपोलिसवर इ. स. पू. ४२० च्या दशकात पुरे झालेल्या नायकी देवीच्या देवळातली मूर्ती बिनपंखांची होती. विजय उडून जाऊ नये, इथेच राहावा म्हणून ती तशी, असा खुलासा पॉसेनियस हा प्रवासी नोंदवतो. देऊळ पुरे होऊन वीसएक वर्षे होतात न होतात तोच, इ. स. पू. ४०४ मध्ये, अथेन्सने स्पार्टापुढे शरणागती पत्करली. विजय कायमचा स्वतःजवळ ठेवण्याची इच्छा किती जुनी आणि किती व्यर्थ आहे, हे सांगायला एवढे पुरे.

३. त्रिरश्मी डोंगरावरची दोन लेणी

आता नाशकात. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या पांडवलेणीला, म्हणजे जुन्या त्रिरश्मी डोंगराला, आपण विजयाचे ठिकाण म्हणत नाही. पण महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत स्पष्ट विजयलेखांपैकी एक तिथेच आहे, आणि त्याचा हरलेला प्रतिस्पर्धीही त्याच कड्यात काही पावलांवर आहे. माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार हाच आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

आधी हरलेली बाजू. दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एकात तो आपल्या दानांची यादी देतो: तीन लाख गाई, सोळा गावे, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथल्या धर्मशाळा, नद्यांवर फुकट चालणाऱ्या नावा. मग तो एका विजयाची गोष्ट सांगतो. मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडवायला तो भर पावसाळ्यात गेला, आणि त्याची नुसती चाहूल लागताच मालय पळाले. त्यानंतर त्याने काय केले? पुष्करला जाऊन स्नान केले आणि तीन हजार गाई व एक गाव दान दिले. दुसऱ्या लेखात त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवलेल्या तीन हजार कार्षापणांचा हिशेब आहे. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे आहेत. हिशेब एका कार्षापणानेही चुकत नाही. इतका काटेकोर देणारा माणूस पुढे ज्या पक्षात होता तो पक्ष हरला.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि गोवर्धनचा मुलूख सातवाहनांकडे परत आला. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचे एक आज्ञापत्र तिसऱ्या लेण्यात कोरलेले आहे. ते विजयी सेनेच्या छावणीतून सुटले आहे, म्हणजे युद्धाची धूळ अजून खाली बसायची होती. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला राजा कळवतो की पश्चिम कखडी गावातले दोनशे निवर्तन शेत, जे आजवर उषवदाताच्या भोगात होते, ते त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले आहे. पुढे सवलती येतात, आणि त्या मला या सबंध कड्यातला सर्वांत विचार करायला लावणारा मजकूर वाटतात. त्या शेतात राजाच्या माणसांनी पाऊल टाकायचे नाही. त्याला हात लावायचा नाही. मीठ काढायला ते खणायचे नाही. जिल्ह्याच्या अंमलदारांनी त्यात ढवळाढवळ करायची नाही.

छावणीतून सुटलेल्या पत्रात जिंकलेल्या राजाने स्वतःच्याच सैन्याचे आणि अंमलदारांचे हात बांधले आहेत. विजयाने मिळालेली जमीन हातात येताक्षणी ती कोणाला तरी देऊन टाकायची आणि तिच्यापुढे स्वतःलाही मज्जाव करायचा. विजय आपल्या नावावरून उतरवणे म्हणजे काय, याचा यापेक्षा स्वच्छ कागद मला माहीत नाही.

आणि कागद नुसता काढून ते थांबले नाहीत. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावाने दुसरे पत्र निघते, या वेळी अमात्य श्यामकाला. आम्ही कखडीत जे शेत दिले होते ते कसले जात नाही, ते गाव वसलेले नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून शंभर निवर्तन द्यावे. दिलेले दान प्रत्यक्षात पोचले का, याची चौकशी करून चूक दुरुस्त करणारे सरकार दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशकात होते, आणि त्याने ती दुरुस्ती दगडावर कोरून सर्वांना वाचायला ठेवली.

यानंतर येतो तो बलश्रीचा प्रसिद्ध लेख. तो पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. गौतमी बलश्री आपल्या मुलाचे वर्णन करते: शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला एवढेच ओळखीचे असते. पण त्याच लेखात ती सांगते की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे आणि तो कर घेत असे तो धर्माला धरून. आणि हा सगळा मजकूर कशासाठी लिहिला आहे? भद्रायणीय भिक्षुसंघाला हे लेणे दान दिले, त्या दानाचा तो लेख आहे. एवढ्या मोठ्या विजयाचे वर्णन एका दानपत्राच्या पोटात बसवलेले आहे. ते लिहवून घेणारी सेनापती नाही, अमात्य नाही, एक म्हातारी आई आहे, जिचा नातू आता राजा आहे.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती घडलेली नाही. क्षहरात वंश निःशेष केल्याची फुशारकी तिसऱ्या लेण्यात आहे, तरी दहाव्या लेण्यातले उषवदाताचे लेख कोणी छिन्नीने उडवलेले नाहीत. उलट तिसऱ्या लेण्याची रचना दहाव्याशी इतकी मिळतीजुळती आहे की नव्या कारागिरांसमोर जुने लेणे नमुना म्हणून असावे असेच वाटते. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे दान मोडले नाही. त्याच्या शेजारी, त्याच्यासारखेच, आपले दान मांडले.

नाण्यांबाबत याच राजाने दुसरी रीत धरली. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे तेरा हजारांचा. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाणे हे सत्तेचे, बाजाराचे आणि कराचे साधन. तिथे राजाने आपला हक्क ठसवला, आणि तो ठसवायलाच हवा होता. लेणे ही समाजाच्या हवाली केलेली गोष्ट, तिथे त्याने हात आवरला. सत्ता कुठे संपते आणि समाजाचे कुठे सुरू होते, ही सीमारेषा त्या राजाला कळत होती. विजयाच्या वास्तूला नाणे समजून तिच्यावर आपला ठसा मारू पाहणाऱ्या आजच्या लोकांना ती कळत नाही.

४. पायथ्याचा महिषासुर

सप्तशृंगगडावरची देवी ही विजयाची देवीच आहे. कड्यात कोरलेली, शेंदराने माखलेली, अठरा भुजांची महिषासुरमर्दिनी. साडेतीन पीठांतले हे अर्धे पीठ, आणि चैत्रातल्या यात्रेला खानदेशापासून लोक चालत येतात. २०२२ साली मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर संवर्धनासाठी काढले तेव्हा खालचे कोरीव रूप लोकांनी डोळे भरून पाहिले. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची जागा पायऱ्यांच्या सुरुवातीला आहे. वर चढण्याआधी खाली महिषासुराचे स्थान लागते, आणि भाविक त्याच्याही पाया पडतात.

याला निव्वळ भोळेपणा म्हणणाऱ्याने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या म्हसोबाकडे पाहावे. म्हसोबा आणि महिषासुर यांच्या नात्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबींनी लक्ष वेधले होते. देवी ज्याला मारते तो दुसऱ्या गावच्या शिवेवर राखणदार देव म्हणून पुजला जातो. इथल्या माणसांनी विजयाच्या कथेतून हरलेल्याला हाकलून दिले नाही. त्याचे शीर देवीच्या पायाशी आहे, आणि आपले डोकेही आपण त्याच्यापुढे टेकवतो. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून घरोघर वाटण्याची रीतही याच वळणाची आहे: विजयाच्या दिवशी मिळालेले स्वतःपाशी ठेवायचे नाही.

५. आक्षेप

पहिला आक्षेप जुना आणि दमदार आहे. विजय सैनिकांचा असतो, त्याचे श्रेय देवीला कशाला? चौथ्या शतकात रोमच्या सिनेटमधल्या विजयदेवीच्या वेदीवरून मोठा वाद झाला. ऑगस्टसने इ. स. पू. २९ मध्ये तिथे बसवलेली वेदी सम्राट ग्रेशियनने ३८२ मध्ये हटवली होती. ती परत बसवावी म्हणून ३८४ मध्ये सिनेटर सिम्माकसने अर्ज केला, आणि मिलानचा बिशप अँब्रोजने त्याला कडाडून विरोध केला. रोमचे विजय लढवय्यांच्या बळावर मिळाले, बळी दिलेल्या जनावरांमुळे मिळाले नाहीत, हा त्याच्या युक्तिवादाचा एक धागा होता.

विजय कशामुळे मिळाला, एवढाच प्रश्न असेल तर अँब्रोज बरोबर होता. वसईचा तट वज्रेश्वरीने पाडला नाही, तो सुरुंग लावणाऱ्यांनी आणि खिंडारात मेलेल्यांनी पाडला. पण देवीला श्रेय देण्याचा प्रश्न मला कारणाचा वाटत नाही, मालकीचा वाटतो. देवीला दिलेले श्रेय कोणाच्या हातून काढून घेतले, हे विचारावे. ते सेनापतीच्या हातून काढून घेतले असेल तर देवी शिपायाच्या उपयोगी पडली. ते शिपायाच्या हातून काढून सेनापतीच्या देवळाला दिले असेल तर फसवणूक झाली. आणि इथे आपली देवळे उणी पडली हे मान्य केलेच पाहिजे. वज्रेश्वरी काय, नारोशंकर काय, बांधणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ असतात. वसईच्या खिंडारातल्या शिपायांची नावे या देवळांनी आपल्याला सांगितली नाहीत.

कोरेगाव भीमाचा जयस्तंभ म्हणूनच शिकवण देणारा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो स्वतःच्या गौरवासाठी उभारला. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली, आणि त्यांत महार शिपायांची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. कंपनीचे राज्य केव्हाच मावळले, स्तंभाचा अर्थ त्या नावांच्या वारसांकडे गेला. नावे कोरली होती म्हणून वारसांना तिथे जाऊन उभे राहता आले.

दुसरा आक्षेप याहून टोचणारा आहे, आणि तो नाशिकचा आहे. विजय समाजाच्या हवाली केला म्हणता, पण त्या समाजात कोण कोण? बलश्रीच्या त्याच लेखात तिच्या मुलाने चार वर्णांचा संकर थांबवला असाही गौरव आहे. एका हाताने विजय वाटायचा आणि दुसऱ्या हाताने वाटेकरी मर्यादित ठेवायचे, हे त्याच दगडावर लिहिलेले आहे. हे वाक्य गाळून तो लेख अभिमानाने वाचणे मला अप्रामाणिक वाटते. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर तो काही वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. ज्या रामाच्या लंकाविजयाचा सण सगळे शहर साजरा करते, त्याच्या दारात शहरातल्याच माणसांना थोपवून धरले होते. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यात झाली.

हा आक्षेप माझ्या सिद्धान्ताला खोडत नाही, त्याला धार देतो. विजय समाजाच्या नावावर चढवला अशी ग्वाही देणाऱ्या वास्तूला ‘समाज म्हणजे कोण?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या ग्वाहीतूनच मिळतो. राजाच्या खासगी मिरवणुकीत आपल्याला का घेतले नाही, असे कोणी विचारत नाही. देवळाच्या दारात मात्र तो प्रश्न विचारता येतो, आणि सत्याग्रहींनी तो विचारला. दार बंद ठेवणाऱ्यांनी देऊळ पुन्हा मालमत्ता करून टाकले होते.

तिसरा आक्षेप लुटीचा. नारोशंकराची घंटा दानात मिळालेली नाही. ती पोर्तुगीजांच्या मुलखातून आणलेली आहे. यावर सफाई देण्याचे कारण नाही, ती लूटच होती. रोमन लोकांनीही शत्रूच्या नगरातल्या देवीला चांगले घर देतो असे सांगून तिची मूर्ती रोमला नेली होती. व्हेई नगर पडले तेव्हा तिथली जूनो अशीच ॲव्हेन्टाइन टेकडीवर आली. याला आदर म्हणावे की लूट, हा वाद घालता येईल, पण दोन्ही आहे असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाते. लुटीचे पुढे काय केले, हा प्रश्न मात्र उरतो.

६. घंटेचे पुढे काय झाले

नारोशंकर राजेबहाद्दरांनी रामेश्वराचे हे देऊळ १७४७ मध्ये बांधले. घंटेवर १७२१ हे साल आहे. म्हणजे ती ओतली गेली तेव्हा तिला वसईविजयाची कल्पनाही नव्हती. कुठल्या तरी चर्चमध्ये प्रार्थनेची वेळ सांगावी म्हणून ती घडली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर अशीच एक घंटा आहे, १७०७ सालची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची प्रतिमा आहे. ती कोणी घासून काढली नाही. कृष्णेच्या काठी शंकराच्या शेजारी मेरी आजही आहे.

हे नुसते योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. वसईच्या तहात पोर्तुगीज शिबंदीला बायकामुलांसह, शस्त्रांसह सुखरूप बाहेर पडू दिले गेले. जे ख्रिस्ती मागे राहिले त्यांना आपला धर्म पाळू दिला गेला. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथेच शेती करतो, मराठी बोली बोलतो. घंटा नेली, पण तिच्यावरची अक्षरे आणि चित्रे तशीच ठेवली. किल्ला घेतला, पण माणसे राहू दिली. चिमाजी अप्पांच्या मोठेपणाविषयी आपण भरभरून बोलतो, तेव्हा तटावरच्या निशाणाइतकेच महत्त्व या कलमांना द्यायला हवे. या कलमांनी मराठ्यांचा विजय वसईच्या ख्रिस्ती माणसालाही राहण्याजोगा केला.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. गोदाकाठी रस्ते, घाट, फलक सगळे नव्याने होणार, आणि लाखो माणसे या घंटेखालून जाणार. त्यांना तिथे पूर्ण मजकूर वाचायला मिळाला पाहिजे: १७२१ ला ओतली, पोर्तुगीजांची होती, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आली, त्या मोहिमेत हजारो माणसे मेली आणि जखमी झाली, आणि तहानुसार हरलेल्यांना सुखरूप जाऊ दिले. यातले एकही वाक्य गाळू नये. काळारामाच्या परिसरात १९३० चा सत्याग्रह तितक्याच ठळकपणे सांगितला पाहिजे. आणि पांडवलेणी दाखवायला मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तिसऱ्या लेण्यावर थांबू नये. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यातही मुलांना उभे करावे आणि गौतमीपुत्राचा व उषवदाताचा, दोघांचेही लेख त्यांना समजावून सांगावेत, कखडीचे शेत बदलून देणाऱ्या चोविसाव्या वर्षाच्या पत्रासकट.